नादारीचा अर्ज : कर्जाच्या कागदावर सह्या किती, ते आधी मोजा

रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागच्या जिल्हा न्यायालयात एक अर्ज करता येतो. त्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, कागद मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. नादारीचा अर्ज, बोलीत दिवाळखोरीचा. कर्ज फेडणं खरोखरच आवाक्याबाहेर गेलेल्या माणसाला कायद्याने देऊ केलेली ही एक सेवा आहे. म्हणून तिचं परीक्षणही सेवेसारखंच केलं आहे : काय मिळतं, काय मिळत नाही, लोक कुठे अडकतात आणि त्याऐवजी दुसरं काय करता येतं.

निष्कर्ष आधीच सांगतो. देणं मुख्यतः एकट्याच्या सहीवरचं आणि बिनतारणी असेल, म्हणजे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, हातउसने, वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल, तर हा अर्ज खऱ्या उपयोगाचा आहे. कर्जाच्या कागदावर बायकोची, भावाची, वाडीतल्या शेजाऱ्याची सही असेल किंवा घर गहाण असेल, तर एकटा अर्ज पुरत नाही. कित्येकदा तो त्या दुसऱ्या माणसालाच खड्ड्यात लोटतो. हे अर्ज करण्यापूर्वी कळलं पाहिजे, कारण नादारी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

कायदा कोणता, याबद्दल बराच गोंधळ आहे. मुंबई शहराला १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा लागू आहे. कोकणासकट उरलेल्या महाराष्ट्राला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता हे दोन्ही कायदे रद्द करणार आहे, पण तिचा व्यक्तींबद्दलचा भाग अजून सर्वसामान्यांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू आहे. त्यामुळे ‘नव्या कायद्यात राहतं घर सुटतं’ असा मेसेज कोणी पाठवला, तर ती तरतूद देवगडच्या बागायतदाराच्या किंवा गुहागरच्या शिक्षकाच्या कामाची नाही. त्यांच्यासाठी अजून १९२० चाच कागद. त्यातली किमान कर्जाची अट आजही ५०० रुपये आहे, त्यामुळे पात्रतेपाशी सहसा कोणी अडकत नाही.

सह्यांचं पान

पतसंस्थेच्या कर्जाची फाइल काढा आणि सह्यांचं पान उघडा. रेव्हेन्यू स्टॅम्पवरून आडवी गेलेली कर्जदाराची सही, तिच्याखाली ‘सहकर्जदार’, त्याखाली ‘जामीनदार क्र. १’ आणि ‘जामीनदार क्र. २’. प्रत्येकापुढे फोटो, मागे जामीनदाराचा सातबारा नाहीतर पगारपत्रक टाचलेलं. कर्ज घेताना हे पान दोन मिनिटांत उरकतं. नादारीच्या वेळी सगळं या एका पानावर येऊन थांबतं.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की एकत्र कर्ज घेतलेल्यांपैकी कोणाही एकाकडून सावकार पूर्ण रक्कम मागू शकतो. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागायचं, तिथे काही मिळालं नाही तरच जामीनदाराकडे यायचं, असा क्रम कायद्यात नाही. करारातही तो बहुधा नसतोच. ‘मी फक्त साक्षीला सही केली’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक पतसंस्थेच्या वसुली टेबलावर ऐकू येतं आणि ते टिकत नाही. साक्षीदाराची जागा त्या पानावर वेगळी असते.

आता नादारी कायद्याचं कलम ४४. नादाराला मुक्तीचा आदेश मिळाला की नादारीत सिद्ध होऊ शकणाऱ्या देण्यांतून तो सुटतो. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात स्पष्ट लिहिलं आहे की त्याचा भागीदार, त्याच्यासोबत बांधला गेलेला सहकर्जदार आणि त्याचा जामीनदार या आदेशाने सुटत नाहीत. म्हणजे मुक्तीचा आदेश ज्या दिवशी हातात पडतो, त्या दिवसानंतर त्या कर्जापुरता सावकारासमोर उभा राहतो तो फक्त दुसरी सही करणारा. पगारदार जामीनदार असेल आणि त्याने पगारातून कपातीची संमती लिहून दिलेली असेल, तर हप्ता थेट त्याच्या पगारातून जायला लागतो.

जामीनदाराच्या हातात काहीच नसतं असंही नाही. समजा दापोलीतल्या एका पतसंस्थेची ६ लाख बाकी आहे, जामीनदार दोघे, आणि कर्जदाराने नादारी घेतली. पहिल्या जामीनदाराने ६ लाख भरले. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे तो ती रक्कम कर्जदाराकडून मागू शकतो, म्हणजेच नादारीत आता तो स्वतःच धनको, म्हणजे येणेकरी, झाला. मालमत्ता विकून रुपयामागे २० पैसे वाटले गेले तर त्याला १ लाख २० हजार मिळतील. राहिलेल्या ४ लाख ८० हजारांपैकी निम्मे, म्हणजे २ लाख ४० हजार, कलम १४६ प्रमाणे दुसऱ्या जामीनदाराने द्यायचे. शिवाय कलम १४० आणि १४१ प्रमाणे पतसंस्थेकडे काही तारण असेल तर त्यावरचा तिचा हक्क पैसे भरणाऱ्याकडे येतो.

हे सगळं मिळवायला तीन गोष्टी लागतात आणि नेमक्या त्याच राहून जातात. पैसे जामीनदाराच्या स्वतःच्या खात्यातून भरलेले हवेत. पावतीवर ‘जामीनदार या नात्याने’ असं आणि त्याचं नाव हवं. कर्जदाराच्या नावाची पावती मिळाली तर पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आणि कर्जदाराच्या मुक्तीचा आदेश होण्यापूर्वी नादारीच्या प्रकरणात स्वतःचा दावा शपथपत्रासह दाखल झालेला हवा. शेजारधर्म म्हणून रोख पैसे कर्जदाराच्या हातात देऊन ‘तूच भर’ म्हणणारे जामीनदार इथे पूर्ण उघडे पडतात.

मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणात बोट भागीदारीत असते. तिथे जास्तच जपावं लागतं. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो, त्याचा हिस्सा चार आणे असला तरी. एक भागीदार नादार ठरला की त्या तारखेपासून त्याची भागीदारी संपते, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर संस्थाच विसर्जित होते. डिझेलची उधारी, जाळ्यांची उधारी, इंजिनाचं कर्ज उरलेल्यांवर. भागीदारीपत्रात ‘एक भागीदार नादार झाल्यास संस्था चालू राहील’ ही एक ओळ नसल्यामुळे ऐन हंगामात बोट काठाला बांधून ठेवावी लागते.

घरातला वाटा

लोक विचारतात, ‘घर जाईल का?’ नेमका प्रश्न असा हवा : घराच्या किमतीतून गहाणाचं कर्ज वजा केल्यावर जे उरतं, त्यातला माझा वाटा किती आणि तो कोणाकडे जाईल?

हिशेब करून पाहू. चिपळूणमधला फ्लॅट, बाजारभाव ४० लाख, गृहकर्जाची बाकी २२ लाख. उरले १८. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर समान हिश्शाने असेल तर प्रत्येकी ९ लाख. नवऱ्याने नादारी घेतली तर नादारी कायद्याच्या कलम २८ प्रमाणे त्याचे ९ लाख रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे, जातात, धनकोंत वाटायला. बायकोचे ९ लाख तिचेच राहतात. इथवर कायदा न्यायाने वागतो.

पण कलम २८ च्याच सहाव्या पोटकलमाप्रमाणे तारण असलेल्या धनकोचे हात नादारीने बांधले जात नाहीत. गृहकर्ज देणारी बँक हप्ते थकल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे दावा न लावता तारण विकू देणाऱ्या कायद्याने, पुढे जाऊ शकते. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक होतं, मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर ताबा आणि लिलाव. लिलावात ४० लाखांचा फ्लॅट ४० ला जातोच असं नाही. समजा ३२ लाखांना गेला आणि खर्च ५० हजार झाला, तर २२ लाख वजा जाता उरतात साडेनऊ. बायकोच्या वाट्याला ९ लाखांऐवजी पावणेपाच येतात. ही सव्वाचार लाखांची घट तिच्या पदरात येते, आणि नादारीचा अर्ज तिने केलेलाही नसतो.

म्हणून घर राखायचं असेल तर गृहकर्जाचा हप्ता एक दिवसही चुकू देऊ नये, आणि तो बायकोच्या खात्यातून जाऊ द्यावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ९२ इथे फार मोलाचं आहे. सहगहाणदाराने पूर्ण कर्ज फेडून गहाण सोडवलं, तर दुसऱ्याच्या हिश्शावर बँकेचे जे हक्क होते ते त्याला मिळतात. २२ लाख बायकोने फेडले, तर नवऱ्याच्या वाट्याचे ११ लाख वसूल करायला ती बँकेच्या जागी उभी राहते आणि रिसीव्हरच्या पुढे तिचा नंबर लागतो. यालाही आधार बँकेच्या उताऱ्याचाच. नवऱ्याच्या खात्यात पैसे टाकून तिथून हप्ता गेला, की हा हक्क सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

कर्जाच्या करारातलं कसुरीचं कलमही वाचा. कर्जदारांपैकी कोणी नादारीत गेला तर तीच कसूर, असं काही करारांत असतं. तसं असेल तर अर्जाआधी बँकेला लेखी विचारून घ्यावं की हप्ते नियमित राहिले तर कर्ज चालू ठेवाल का. उत्तर लेखीच घ्यावं.

आणखी एक चूक, जी पाहून फार वाईट वाटतं. बायको सहकर्जदार असते, सहमालक नसते. बँकेने तिचा पगार धरून कर्ज मंजूर केलेलं असतं, पण खरेदीखत एकट्या नवऱ्याच्या नावावर. नवरा नादार झाला की घरातले १८ लाख पूर्ण रिसीव्हरकडे जातात आणि घर विकून फिटत नाही तोवर २२ लाखांचं कर्ज पूर्ण तिच्या डोक्यावर राहतं. सूची २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा, काढा आणि खरेदी घेणाऱ्यांत तिचं नाव आहे का ते आजच पाहा. अर्ज तोंडावर आल्यावर नाव घालायला जाल, तर ते पुढे सांगितलेल्या कारणाने उलटू शकतं.

गावचं घर

कोकणातला खरा गुंता इथे आहे. जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर, ग्रामपंचायतीची असेसमेंट अजून आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सात नावं आणि क्षेत्र सामाईक. चौघे चाकरमानी मुंबईत. त्यातला एक नादारी घेतो आणि उरलेल्यांना वाटतं, आता कोर्ट घराला टाळं लावणार.

तसं होत नाही. रिसीव्हरकडे जातो तो त्या एकाचा अविभक्त हिस्सा, बाकीच्यांच्या हिश्शाला हात लागत नाही. पण हिस्सा बरोबर मोजायला हवा. वडिलांच्या स्वकष्टार्जित घराला वारस आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर वाटे चार. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेतही जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असणं आवश्यक नाही. तरीही ‘आम्ही दोघे भाऊ, निम्मं-निम्मं’ असं अर्जात लिहिलं जातं. २४ लाखांच्या घर-जागेत ६ लाखांचा वाटा १२ लाखांचा दाखवला जातो आणि बहिणीचा आणि आईचा हिस्साही विक्रीच्या तोंडाशी जातो. फेरफार उतारे आणि वारस नोंद तपासल्याशिवाय हिश्शाचा आकडा लिहूच नये.

तो हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. आणि त्याने तो लावला की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ कुटुंबाच्या मदतीला येतं : घरातले हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत विकत घेऊ शकतात. या दोन कलमांमुळे अशा हिश्शाला बाहेर गिऱ्हाईक सहसा मिळत नाही. म्हणून रिसीव्हर नेमला गेला की भावा-बहिणींनी स्वतःहून पुढे यावं, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल जोडावा आणि लेखी बोली द्यावी. अहवालात घर, जमीन आणि झाडं वेगवेगळी मांडलेली असावीत. हापूसची धरती कलमं आणि परड्यातले चार माड एका रकमेत टाकले की किंमत कोणालाच पटत नाही.

एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे घात होतो. नादार ठरल्यानंतर आणि मुक्तीपूर्वी जे काही मिळेल, वारसाने आलेलं धरून, ते सगळं रिसीव्हरकडे जातं. मधल्या काळात वडील वारले तर त्यांच्या घरातला मुलाचा हिस्साही त्यात. वडिलांची मालमत्ता स्वकष्टार्जित असेल तर त्यांनी मृत्युपत्र करावं. ते त्यांच्या मालमत्तेचं असल्यामुळे त्यावर मुलाच्या नादारीची अडचण येत नाही.

ज्याची मुख्य उपजीविका शेती आहे आणि जो स्वतः किंवा घरच्यांकडून, मजुरांकडून शेती कसून घेतो, त्याला मात्र मोठं कवच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याचं, मजुराचं किंवा घरकामगाराचं स्वतःच्या वापरातलं राहतं घर जप्तीतून सुटतं, आणि जे जप्तीतून सुटतं ते नादारीतही सुटतं. हा हक्क सोडल्याचं कोणी आधी लिहून घेतलं असेल तर ते लिखाण रद्दबातल आहे. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं, बियाणं, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कमही याच कलमाने वाचते. पुराव्यासाठी ई-पीक पाहणी झालेला सातबारा आणि आंब्या-काजूच्या विक्रीच्या पट्ट्या तीन-चार हंगामांच्या जपून ठेवा.

पण घर गहाण दिलेलं असेल तर हे कवच गहाण घेणाऱ्याविरुद्ध चालत नाही. आणि चार खोल्या पर्यटकांना देऊन मुख्य उत्पन्न होमस्टेचं झालं असेल तर ‘मुख्य उपजीविका शेती’ हे सांगणंच अवघड होतं. तारकर्ली, गणपतीपुळे, आंजर्ल्याच्या किनारपट्टीवर हा मुद्दा आता बऱ्याच घरांना लागू पडतो. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही हे खरं, पण पतसंस्थेच्या हातात सहकार कायद्याचं कलम १०१ आहे. त्या कलमाखाली वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जमिनीची जप्ती आणि विक्री करू शकतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘इकरार’ किंवा ‘बोजा’ लिहिलेला असतो तो बहुधा अशा पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा. घरात कोणी सांगो न सांगो, तो रकाना सगळं सांगतो.

अर्ज कसा जातो, कुठे फिसकटतो

अर्जात नादारी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम लागते, आणि स्वतःच्या प्रत्येक मालमत्तेची किंमत आणि ती कुठे आहे ते. वकिलाकडे जाण्यापूर्वी सर्व कर्जांचे ताजे उतारे, सातबारा, आठ-अ, असेसमेंट किंवा मिळकत पत्रिका, सोनेतारणाच्या पावत्या, पासबुकं आणि चालू दाव्यांची यादी एकत्र करा. त्यासोबत एक स्वतंत्र तक्ता करा : कर्ज, बाकी, तारण, आणि सह्या कोणाकोणाच्या. हा चौथा रकाना न्यायालय मागत नाही. तरीही अर्ज करावा की नाही हे बहुतेक तोच ठरवतो.

यादीतून आत्याकडचे हातउसने आणि मित्राची उचल वगळली जाते, लाजेपोटी. तसं करू नये. अर्ज सुनावणीला आला की धनकोंना नोटिसा जातात आणि वगळलेला माणूस तक्रार घेऊन आला की अर्जदाराच्या प्रामाणिकपणावरच शंका येते.

अर्जाच्या तोंडावर बायकोच्या नावे बक्षीसपत्र किंवा भावाच्या नावे हक्कसोडपत्र करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कलम ५३ प्रमाणे नादारीपूर्वीच्या दोन वर्षांतलं विनामोबदला हस्तांतरण रिसीव्हर उलटवू शकतो. मुद्रांक शुल्क गेलं, नोंदणीचा खर्च गेला, घर परत यादीत आलं आणि न्यायालयाचं मत कलुषित झालं ते वेगळंच. तसंच एका धनकोला झुकतं माप देऊन शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे पैसे चुकते केले असतील तर कलम ५४ खाली तेही परत मागवले जातात. जामीनदार मित्र अडकू नये म्हणून त्याचं कर्ज आधी भरावंसं वाटणं माणुसकीचंच आहे, पण त्याची वेळ अर्जाच्या कितीतरी आधीची हवी.

नादार ठरवताना न्यायालय मुक्तीसाठी अर्ज करायची मुदत देतं. ती चुकली की कलम ४३ प्रमाणे नादारीच रद्द होऊ शकते आणि सगळे धनको पुन्हा मोकळे. अटकेपासून संरक्षण आपोआप मिळत नाही, कलम ३१ खाली वेगळा अर्ज लागतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे मात्र दिवाणी संहितेतच आहे. धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला नादारीने थांबत नाही. सरकारी देणं, लबाडीने केलेलं कर्ज आणि पोटगी मुक्तीनंतरही राहते. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील, तर परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती हे पटवून द्यावं लागतं. चक्रीवादळात बाग गेल्याचे पंचनामे, दवाखान्याची बिलं इथे कामाला येतात. आदेश राजपत्रात छापला जातो आणि मुक्तीपर्यंत ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची निवडणूक लढवता येत नाही.

याऐवजी काय

सह्या एकापेक्षा जास्त असतील तर आमची पहिली पसंती लोकअदालतीतल्या तडजोडीला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरणही देता येतं, फी लागत नाही, आणि झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. नादारी जे देऊ शकत नाही ते इथे मिळतं : एकाच कागदावर सगळ्यांची सुटका. मात्र ते मसुद्यात लिहून घ्यावं लागतं. ‘सदर रक्कम भरल्यावर कर्जदार, सहकर्जदार व सर्व जामीनदार यांच्याविरुद्धची संपूर्ण येणी संपुष्टात येतील’ हे वाक्य, रक्कम, हप्त्यांच्या तारखा, आणि बोजा उतरवण्याचं पत्र किती दिवसांत मिळेल ते. नुसतं ‘कर्जदाराशी तडजोड झाली’ एवढंच लिहिलं तर वाद शिल्लक राहतो. हप्ता चुकला तर सवलत जाऊन पूर्ण रक्कम वसूल होते, तेव्हा जमेल तोच आकडा कबूल करावा. बँकेशी थेट एकरकमी तडजोड केली तरी हेच वाक्य लागतं. तडजोडीने मिटलेलं खातं क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, सहकर्जदाराच्या अहवालातही, हे त्याला आधी सांगावं.

व्हॉट्सॲपवर ‘कर्जमुक्ती प्रमाणपत्र’ विकणाऱ्यांना शून्य गुण. ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनेच कर्जमाफीच्या अशा जाहिरातींबद्दल लोकांना सावध केलं आहे. हप्ते बंद करायला सांगतात, फी आधी घेतात आणि फोन उचलणं बंद करतात. तोवर ९० दिवस उलटलेले असतात आणि नोटीस जामीनदाराच्या दारात पोचलेली असते.

नादारीच्या अर्जाला एकट्याच्या बिनतारणी कर्जासाठी पाचपैकी साडेतीन. वसुलीचे दावे थांबतात, रात्रीची झोप परत येते, पण मुक्तीपर्यंतची वाट लांब आणि तारखांची आहे. सामाईक कर्जासाठी दीड. गहाण घर वाचवण्यासाठी एक, तोही बिनतारणी देणं मिटून हप्त्याला पैसे मोकळे होतात म्हणून. लोकअदालतीतल्या तडजोडीला चार, हातात काही ठोक रक्कम असेल तर.

दोन्ही वाटा एकत्रही चालतात. आधी दुसऱ्यांच्या सह्या असलेली कर्जं तडजोडीने मिटवायची, गृहकर्ज नियमित करायचं, मग एकट्याच्या सहीचं जे उरेल त्यासाठी नादारी. फक्त कलम ५४ चे तीन महिने मध्ये जाऊ द्यायचे आणि तडजोडीचे पैसे शक्यतो त्या-त्या सहकर्जदाराच्या किंवा नातेवाइकाच्या खात्यातून भरायचे. कर्ज मिटलं की बेबाकी दाखला घ्या. बँकेकडे गहाण असलेले मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बोजा उतरवण्याचं पत्र तलाठ्याकडे द्या, पोच घ्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकाना पाहा. जामीनदाराच्या सातबाऱ्यावरही बोजा चढवलेला असेल तर त्याचाही उतारा त्याच दिवशी काढा आणि त्याच्या घरी नेऊन द्या.